घटातली माती

नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी मातीचं काम माझ्याकडं आणि दादाकडं असायचं. वावरातली काळी माती आणायची, खडे वेचायचे, पत्रावळीवर थर द्यायचा. दुसऱ्या दिवशी आजी मूठ उघडायची : गहू, ज्वारी, मूग, हरभरा, करडई, जे कणगीत असेल ते. दादा तेव्हा सात-आठ वर्षांचा. मूग दोन दळं उघडून वर येतो आणि गव्हाचं मात्र सुईसारखं एकच टोक निघतं, हे त्यानंच मला पहिल्यांदा दाखवलं. रोज सकाळी तो बोटाच्या पेरांनी उंची मोजायचा. देवघरात अंधार, रोपं पिवळी, लांबोडी व्हायची. "ही अशी फिकी का?" आजी म्हणाली, "देवीचा रंग हाय." दादाचं समाधान झालं नाही. उरलेलं धान्य त्यानं करवंटीत पेरलं आणि रांजणापाशी उन्हात ठेवलं. ते बुटकं, हिरवंगार आलं.

शाळेत बागकामाचा तास होता. त्या तासाला आम्ही मास्तरांच्या घरच्या वांग्यांना पाणी शेंदून घालायचो. तिसरीत दादाची शाळा सुटली. घरात चार जनावरं होती, ती त्याच्या मागं लागली.

पुढं मी अध्यापक विद्यालयात गेलो तेव्हा ताराबाई मोडकांचं काम कळलं. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षण उभं करणारी ही बाई 1945 साली, पन्नाशी उलटल्यावर, ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आली. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. मॉन्टेसोरीची साधनं महाग, खेड्याला न परवडणारी. म्हणून पानं, बिया, शंख-शिंपले, दगड हीच साधनं झाली. मोजायला बिया, लावायला पानं, लहान-मोठं ओळखायला शिंपले. पोरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी वाटतो, पण त्याचं मूळ तिथलं. 1957 ला काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथं गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक कुरणात जायचा.

हे वाचलं त्या सुट्टीत मी दादाला सांगितलं. तो बांधावर बसून दाव्याला पीळ भरत होता.

"तवर गुरं कोण बघायचं?"

"पोरंच. शाळाच तिथं होती ना, गुरांपाशी."

त्यानं पीळ घट्ट केला, गाठ मारली, दातांनी टोक ओढलं.

"किती साली म्हणालास?"

"कोसबाडला सत्तावन्न."

त्यानं मनाशी हिशेब केला. त्याची शाळा सुटली ती त्यानंतर, बासष्टला.

"मग आपल्याकडं कसं नाय आलं ते?" असं म्हणून तो उठला. बैल उसाच्या कडेला गेला होता.