भरवशाची लस

मुंबईत १८९६ साली प्लेग आला, तेव्हा तो प्रथम ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे हे डॉक्टर मुंबईत रुग्ण तपासत. सप्टेंबरात मांडवीतल्या रुग्णांवरून त्यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं आणि महापालिकेला सावध केलं.

प्लेग म्हटला की आपल्याला पुणं आणि रँडचा खून आठवतो. मुंबईची हकिकत फारशी सांगितली जात नाही. सव्वाआठ लाख वस्तीचं हे शहर काही महिन्यांत जवळपास निम्मं रिकामं झालं. लोक रोगाला भ्यायले होते, तसेच सरकारी इस्पितळालाही. तिथे माणसाची मोमियाई काढतात, अशी वदंता होती. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. या अफवांना हसू नये. उचलून नेलेला माणूस बहुधा परत येत नसे. मग घरच्यांनी काय समजावं?

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. त्यानं सरकारला घरात शिरण्याचा अधिकार मिळाला, पण लोक रुग्ण लपवू लागले. तेव्हा निरनिराळ्या जमातींनी आपापली इस्पितळं उघडली. तिथे स्वयंपाक आपल्या रीतीचा, डॉक्टर ओळखीचा आणि नातलगांना भेटीची मुभा. जी माणसं सरकारी डोलीला घाबरत, ती इथे येऊ लागली.

लसीचंही तसंच झालं. ओडेसाहून आलेले ज्यू शास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात ती तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक कचरत होते. खोजा इस्माइलींचे इमाम, जेमतेम विशीतले आगाखान तिसरे यांनी सर्वांसमक्ष लस घेतली. त्यांच्यामागून हजारो खोजांनी बाही वर केली.

जिथे असा विश्वास नव्हता, तिथे रक्त सांडलं. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात मोमीन विणकरांच्या घरातली आजारी मुलगी तपासायला पथक आलं. घरच्यांनी अडवलं, दंगल झाली, गोळीबार झाला. त्यानंतर सरकारनं सक्ती सैल केली.

या व्यवस्थेत एक उणीव मात्र होती. ज्या जमातीत शेठ-सावकार होते, तिचं इस्पितळ उभं राहिलं. घाटावरून, कोकणातून पोटासाठी आलेल्या एकट्या मजुराच्या मागे कोणती जमात होती? त्याच्या वाट्याला आर्थर रोडच आलं. जातीपुरती आपुलकी शहराला पुरत नाही.

२०२० मध्ये कोरोना धारावीत शिरला, तेव्हा या धड्याचा दुसरा अर्धा भाग गिरवला गेला. महापालिकेनं वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं, स्वयंसेवी संस्थांनी अन्न पोचवलं. ज्या डॉक्टरकडे वर्षानुवर्षं जायचं, तोच दारात आला, म्हणून दार उघडलं. इथे कुणाची जात विचारायची नव्हती, गल्ली एकच होती.

औषध प्रयोगशाळेत तयार होतं. भरवसा मात्र मोहल्ल्यात, चाळीत, नाक्यावर तयार होतो आणि त्याला वर्षं लागतात. साथ दारात आल्यावर तो जमवायला निघालं, तर उशीर झालेला असतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)