पाच मुली आणि एक आई

टोरांटोहून उत्तरेला साडेतीनशे किलोमीटर गेलं की नॉर्थ बे हे गाव लागतं. तिथे एक लहानसं लाकडी घर संग्रहालय म्हणून जपलंय. 28 मे 1934 रोजी, कॉर्बेलजवळच्या मूळ जागी, याच घरात एल्झिर डिऑन नावाच्या बाईने पाच एकसारख्या मुलींना जन्म दिला. दिवस भरायच्या दोन महिने आधी! पाचींचं मिळून वजन जेमतेम सहा किलो. घरात वीज नव्हती. दोन मुली सुइणींच्या हाती झाल्या, मग डॉ. डॅफो पोचले. पोरींना टोपलीत घालून चुलीच्या उबेला ठेवलं. बालपण पार केलेली ही जगातली पहिली ज्ञात पंचकं.

पुढचा तमाशा प्रसिद्ध आहे. 1935 मध्ये ऑन्टॅरिओ सरकारने कायदा करून मुलींचा ताबा घेतला आणि 1943 पर्यंत सुमारे तीस लाख लोक त्यांना बघून गेले. 1998 मध्ये सरकारने हयात बहिणींना चाळीस लाख डॉलर भरपाई दिली.

या सगळ्यात आईकडे कोणाचं लक्ष गेलं? पंचविशीतली एल्झिर. गरोदरपणी पाय सुजलेले, आणि बाळंतपणानंतर ती वाचते की नाही अशी अवस्था. यात नवल नाही. पोटात एकापेक्षा जास्त बाळं असली की रक्तदाब वाढण्याचा आणि रक्त कमी होण्याचा धोका वाढतो. फार ताणलेलं गर्भाशय नंतर नीट आवळत नाही, म्हणून रक्तस्राव होतो. निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवड्यांच्या आत जन्मतात.

डिऑन भगिनी निसर्गाची करणी. 1978 नंतर टेस्ट ट्यूब पद्धत आली आणि एका वेळी दोन-तीन गर्भ सोडल्याने जुळी-तिळी वाढली. शेजारच्या क्यूबेकने 2010 मध्ये हा उपचार सरकारी खर्चाने सुरू केला, पण शक्यतो एकच गर्भ सोडायचा या अटीवर. तिथलं जुळ्यांचं प्रमाण झपाट्याने उतरलं. साधा नियम, पण कितीतरी आया आणि बाळं सुखरूप राहिली.

पुण्याच्या भाचीला जुळं आहे कळल्यावर आमच्याकडे दोन पाळण्यांची, नावांची चर्चा सुरू झाली. मी फोनवर आधी तिचा रक्तदाब विचारला. "मामा, तू पण ना!" म्हणाली. पण दर आठवड्याला आकडा कळवते.