रोलीचे 434 गोल

इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये सर्वात जास्त गोल कोणाचे, हा प्रश्न मी फुटबॉलवेड्या मित्रांना अधूनमधून विचारतो. तरुण मंडळी अ‍ॅलन शिअररचं नाव घेतात, जाणकार जिमी ग्रीव्ह्जचं, आणि जुनी पुस्तकं वाचलेला एखादा डिक्सी डीनचं. बरोबर उत्तर आहे आर्थर रोली. 619 सामने, 434 गोल. 1965 साली तो थांबला, पण त्या आकड्यापर्यंत अजून कोणी पोचलेलं नाही. मलाही तो ठाऊक नव्हता. एका तक्त्यात सगळ्यात वरचं नाव अनोळखी दिसलं, तेव्हा मला ती आधी छपाईची चूक वाटली.

1992 साली प्रीमियर लीग सुरू झाली आणि टीव्हीने गोल मोजायला जणू तिथूनच सुरुवात केली. त्याआधीचं जे लोकांच्या लक्षात राहिलं, ते बहुतेक पहिल्या डिव्हिजनचं. रोली पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळला ते जेमतेम तीन हंगाम.

जन्म 1926चा, वुल्वरहॅम्प्टनचा. वेस्ट ब्रॉमविचकडून 24 सामन्यांत 4 गोल. म्हणजे सुरुवात अगदीच साधी. 1948च्या डिसेंबरात फुलमने त्याला घेतलं, तिथे उरलेल्या हंगामात 22 सामन्यांत 19 गोल केले आणि संघ दुसरी डिव्हिजन जिंकून वर गेला. 1950 साली लेस्टर. आठ हंगाम, 303 सामने, 251 गोल. त्यातले 44 एकट्या 1956-57मध्ये. अंगाने भक्कम गडी, डावा पाय तोफेसारखा. लेस्टर दोनदा दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतं ठरलं. 1957-58मध्ये पहिल्या डिव्हिजनमध्ये त्याने 25 सामन्यांत 20 गोल केले, आणि त्याच उन्हाळ्यात क्लबने त्याला श्रूजबरीला विकलं.

हे वाचून मी थबकलो. वीस गोल करणाऱ्याला कोण सोडतं? पण त्या काळचे नियम पाहिले की आश्चर्य ओसरतं. खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. 1947 साली आठवड्याला 12 पौंड, 1958 साली 20 पौंड, आणि उन्हाळ्यात त्याहून कमी. लीगचा विजेता संघ असो की तळातला, मर्यादा एकच. करार वर्षभराचा. तो संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या कपाटात राहायची. क्लबने सोडलं नाही तर त्याला दुसरीकडे खेळता येत नसे, आणि विकायचं ठरलं तर त्याची किंमतही दोन क्लबच ठरवत. यात बत्तीस वर्षांच्या माणसाने कुठे जावं? श्रूजबरीने त्याला खेळाडू-मॅनेजर केलं. संघ निवडायचा, पोरांना शिकवायचं आणि स्वतः गोलही मारायचे. पहिल्याच हंगामात त्याने 38 मारले आणि संघ नव्यानेच निघालेल्या चौथ्या डिव्हिजनमधून वर आला. मला ही उतरण वाटत नाही. पाय थकल्यावरही हातात काम राहील अशी जागा त्याला मिळाली होती.

थोरला भाऊ जॅक रोली मँचेस्टर युनायटेडचा. 1948च्या एफए कप फायनलमध्ये त्याचे दोन गोल, 1952ला लीगचं विजेतेपद, इंग्लंडसाठी सहा सामन्यांत सहा गोल. आर्थर इंग्लंडच्या मुख्य संघात एकदाही नाही. तेव्हा संघ असोसिएशनची निवड समिती ठरवायची आणि तिच्यापुढे नॅट लॉफ्टहाउससारखा सेंटर फॉरवर्ड होता, हे मान्य. तरीही एकदासुद्धा नाही? गंमत अशी की 1955च्या ऑक्टोबरमध्ये एकाच दिवशी दोघा भावांनी आपापला लीगमधला दोनशेवा गोल केला: जॅकने प्लिमथसाठी, आर्थरने लेस्टरसाठी.

खालच्या डिव्हिजनमधले गोल स्वस्त, ही शंका मला रास्त वाटते. ग्रीव्ह्जचे 357 पहिल्या डिव्हिजनचे आहेत, त्यांच्याशी रोलीची तुलना मी करणार नाही. पण वरच्या मैदानावर संधी मिळाली तेव्हा रोलीने काय केलं, हेही 1957-58च्या आकड्यांत लिहिलेलं आहे.

मग 1960-61 आलं. श्रूजबरी लीग कपमध्ये पहिल्या डिव्हिजनच्या एव्हर्टनला हरवून उपांत्य फेरीत पोचली. जानेवारीत, खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केल्यावर, पगाराची मर्यादा रद्द झाली. लवकरच फुलमचा जॉनी हेन्स आठवड्याला 100 पौंड घेऊ लागला. फुलम, म्हणजे रोलीचाच जुना क्लब. आणि 29 एप्रिलला, पस्तिसावा वाढदिवस होऊन आठवडा झाल्यावर, रोलीने ब्रॅडफर्ड सिटीच्या मैदानावर आपला 380वा गोल केला. डीनचा 379चा विक्रम मोडला, तोही तिसऱ्या डिव्हिजनच्या सामन्यात.

श्रूजबरीचं गे मेडो मैदान सेव्हर्न नदीच्या काठाला लागून होतं. जोरात मारलेला चेंडू कधीकधी थेट पाण्यात जायचा आणि एक माणूस टोपलीसारख्या गोल होडीतून जाऊन तो परत आणायचा. चेंडू महाग, क्लब गरीब. याच मैदानावर रोली आणखी चार वर्षं खेळत राहिला. 1961-62मध्ये 23 गोल, मग 24, मग 5, आणि एकोणचाळिसाव्या वर्षी संपलेल्या शेवटच्या हंगामात 2. पुढे शेफील्ड युनायटेड आणि साउथएंडमध्ये त्याने मॅनेजरकी केली. 2002च्या डिसेंबरात तो वारला, श्रूजबरीतच.