रनाळे ते एस्सेलवर्ल्ड, मे १९९४

मे १९९४. दुपार कलली तरी रनाळ्याचा फलाट तापलेलाच आहे. तुम्ही अजून धुळे जिल्ह्यात आहात. नंदुरबार वेगळा जिल्हा होईल तो १ जुलै १९९८ ला. हातात बॅग, खांद्याला पाण्याची बाटली, पिशवीत फडक्यात बांधलेल्या दशम्या. शेजारी चौदा वर्षांचा मुलगा. दूरदर्शनवरची एस्सेलवर्ल्डची जाहिरात बघून त्यानं वर्षभर तुमच्यामागे भुणभुण लावली होती. परीक्षा झाली, निकाल लागला, आता शब्द पाळायची वेळ आली आहे.

सुरतेची पॅसेंजर येते. नंदुरबार, खांडबारा, मग नवापूर. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. मुलगा खिडकीतून वाकून सीमारेषा शोधतो. जिभेची सीमा मात्र सुरतेत लागते. स्टेशनजवळच्या खानावळीत थाळी येते. मुलगा वरणात बोट बुडवतो, चाखतो आणि ताट पुढे सरकवतो. वरणात गूळ आहे. ज्या घरात शेवभाजीवर लाल तवंग आला नाही तर भाजी जमली नाही असं म्हणतात, त्या घरातलं हे पोर.

“जेव ना रे भाऊ.”

“माले नको.”

तुमच्या डोक्यात सणक जाते. उन्हातला प्रवास, मोजून आणलेले पैसे आणि पुढ्यात भरलेलं ताट. बाजूच्या टेबलावरची माणसं बघू लागतात. “घरी रोज पंचपक्वान्नं लागतात का?” हे वाक्य ओठांवर येतं. ते तिथंच गिळा. या वयात चारचौघांत ऐकलेला टोमणा मुलगा विसरत नाही, आणि ते अन्नही त्याला नकोसं होतं.

रात्र फलाटावर काढून पहाटे तुम्ही फ्लाइंग राणीच्या दुमजली डब्यात चढता. १९७९ पासून धावणारे हे डबे मुलाला एस्सेलवर्ल्डइतकेच नवलाचे वाटतात. वरच्या मजल्यावर बसून तो न सांगता एक दशमी संपवतो. कोणी आग्रह केला नाही, कोणी बघत नाही, आणि चव ओळखीची आहे.

बोरिवलीला उतरून उडप्याच्या हॉटेलात शिरा. सांबार बघून त्याचं तोंड पुन्हा वाकडं होतं. वेटरला सांगा, साधा डोसा, भाजी नको. आजीनं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडून टेबलावर ठेवा आणि तुम्ही तुमचं खायला लागा. तो आधी डोशाची कुरकुरीत कड मोडतो, लाल चटणीत दाबतो, खातो. मग मधला मऊ भाग. मग, कोणी न सांगता, सांबाराच्या वाटीत एक तुकडा बुडवून बघतो. वाटी तशीच राहते. राहू द्या. त्यानं चाखलं, आजच्यापुरतं एवढं पुष्कळ झालं.

पुढे गोराईची खाडी, कडेची खारफुटी, बोट, आणि १९८९ मध्ये सुरू झालेलं ते मनोरंजन उद्यान. आकाशपाळण्यावरून खाली उतरलेल्या, उन्हानं लाल झालेल्या मुलाला लगेच जेवायला बसवू नका. गरगरलेलं पोट आणि रात्रीचं जागरण भूक मारतात. ‘भूक नाही’ म्हणाला, तर तो खोटं बोलत नाही. आधी लिंबू सरबत, थोडी सावली. जेवणाची गर्दी उसळण्याआधी किंवा ओसरल्यावर जागा धरा, म्हणजे रांगेत दोघांचाही जीव मेटाकुटीला येत नाही.

ज्या वर्षी तुम्ही या खाडीकाठी उभे आहात, त्याच्या दहाएक वर्षं आधीच एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी आई-बाप आणि मूल यांची कामं वाटून दिली होती. काय, कधी आणि कुठे वाढायचं, हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. नव्या अन्नाला बिचकणं ही काही निव्वळ हट्टाची गोष्ट नाही, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे पुढे जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांनी दाखवलं. अनोळखी चव पुन्हा पुन्हा समोर आली की बहुतेकांची भीड चेपते. जबरदस्तीनं उलट ती वाढते.

आता वर्तमानात या. बोरिवलीची बोट नाही, तुम्ही खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानाला निघाला आहात, आणि मागच्या सीटवर मोबाइलमध्ये डोकं घातलेलं तुमचं स्वतःचं लेकरू आहे. पिझ्झा चालतो पण त्यावरची सिमला मिरची नको, भात चालतो पण डाळ वेगळी. निघण्याआधी त्याच्याशी बोला. तिथं काय मिळेल ते दोघं मिळून बघा, दोन पदार्थ त्यालाच ठरवू द्या. हॉटेलात मागवताना ताटात एक तरी ओळखीची गोष्ट असेल एवढं बघा. नवी वाटी शेजारी ठेवा आणि तिच्याबद्दल एक शब्दही काढू नका. नातेवाइकांसमोर त्याच्या खाण्याचं पुराण लावू नका. मात्र त्याचं वजन उतरत असेल, किंवा खाण्याचे पदार्थ दिवसेंदिवस कमी होत असतील, तर घरी आल्यावर डॉक्टरांना जरूर दाखवा.

एका दिवशी पोरानं नुसता डोसा-चटणी खाल्ली म्हणून त्याच्या तब्येतीचं काही बिघडत नाही. जेवणाच्या टेबलावर भांडण झालं, तर सहलीचा तो दिवस मात्र परत मिळत नाही.