नोकरी जर्मनीत, वीकेंड पॅरिसमध्ये: एका व्हिसावर युरोप किती फिरता येतो?

सकाळची कॉफी प्रागमध्ये, दुपारी लॅपटॉप उघडून ऑफिसची मीटिंग आणि संध्याकाळी व्हिएन्नाची ट्रेन. असले रील्स इन्स्टाग्रामवर रोज दिसतात. खाली कमेंट्समध्ये प्रश्न ठरलेला असतो, 'यासाठी व्हिसा कुठला लागतो?' आणि उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलंच असतं, 'शेंगेन काढ, सगळीकडे चालतो.'

हे उत्तर अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच धोक्याचं आहे. शेंगेन व्हिसावर २९ देश फिरता येतात हे खरं. पण युरोपात फिरण्याची परवानगी आणि युरोपात काम करण्याची परवानगी या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली २९ देशांची मिळून एकच आहे. दुसरी मात्र प्रत्येक देश आपापली देतो.

शेंगेन म्हणजे नेमकं काय?

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक छोटंसं गाव. १४ जून १९८५ रोजी तिथे नदीतल्या एका बोटीवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांनी आपसातली सीमा-तपासणी हळूहळू बंद करण्याचा करार केला. प्रत्यक्षात तपासणी थांबायला १९९५ उजाडलं. पुढे देश वाढत गेले. २०२३ मध्ये क्रोएशिया आला, आणि १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमाही खुल्या झाल्या.

इथे एक गल्लत हमखास होते. शेंगेन म्हणजे युरोपियन युनियन नव्हे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टनस्टाइन युनियनमध्ये नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस युनियनमध्ये आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन तर दोन्हींत नाही. त्यामुळे पॅरिसहून ट्रेनने अडीच तासांत लंडन गाठता येत असलं, तरी भारतीय पासपोर्टवर त्यासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो.

टुरिस्ट व्हिसावर किती दिवस?

कमी मुदतीच्या शेंगेन व्हिसाचा नियम आहे, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. घोळ होतो तो 'कोणत्याही' या शब्दावर. अनेकांना वाटतं, जानेवारी ते जून एक खातं, जुलैपासून नवं. तसं नाही. तुम्ही ज्या दिवशी शेंगेनमध्ये आहात, त्या प्रत्येक दिवसापासून मागचे १८० दिवस मोजले जातात. खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. आत शिरल्याचा दिवस आणि बाहेर पडल्याचा दिवस, दोन्ही धरले जातात. रात्री साडेअकराला विमान उतरलं तरी तो एक दिवस गेला.

शिवाय ९० ही कमाल मर्यादा आहे. तुमच्या स्टिकरवर १५ दिवस लिहिले असतील, तर तुमचे दिवस १५च. व्हिसाची मुदत महिनाभराची दिसते म्हणून महिनाभर राहायचं नसतं.

या व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्यांसाठी ९० युरो आहे, आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा सक्तीचा आहे. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हेही ठरलेलं आहे. जिथे सर्वात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तिथे. 'अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो, तिथून काढ आणि मग कुठेही जा' हा सल्ला अंगाशी येऊ शकतो, कारण विमानतळावर अधिकारी हॉटेल बुकिंग बघायला मागू शकतो.

आता मूळ प्रश्न. टुरिस्ट व्हिसावर तिथल्या हॉटेलात, दुकानात किंवा कंपनीत काम करता येत नाही, यात शंका नाही. पण पुण्यातल्या कंपनीचं काम बार्सिलोनाच्या कॅफेत बसून केलं तर? रील बनवणारे हा भाग गाळतात. पर्यटक म्हणून व्हिसा घेतला की येण्याचं कारण पर्यटन असतं. सुट्टीत दोन मेल पाहिले म्हणून कुणी पकडत नाही. पण महिना-दीड महिना रोज आठ तास काम करायचं, हाच बेत असेल तर तो या व्हिसात बसत नाही, आणि सीमेवर तसं सांगितलं तर आत घ्यायला नकारही मिळू शकतो.

मुदत संपल्यावर राहिलं तर पकडलं जाण्याची शक्यता आता बरीच वाढली आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरील सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी संगणकीय प्रणाली सुरू झाली. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन येण्या-जाण्याची नोंद होते, आणि दिवसांची बेरीज यंत्रच करतं. एका देशाने प्रवेशबंदी घातली तर तिची नोंद सगळ्या शेंगेन देशांना दिसते.

नोकरी लागून गेलं तर चित्र कसं बदलतं?

जर्मनीचं उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्राचा तिथे थेट संबंध आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझचं मुख्यालय श्टुटगार्टलाच आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने, श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी, कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा केली.

समजा, पिंपरीची एक इंजिनिअर श्टुटगार्टला नोकरीला गेली. ती भारतातून जाते ती 'डी' व्हिसावर. हा जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा असतो. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. त्याला तिथे 'आन्मेल्डुंग' म्हणतात, आणि घरमालकाने राहत असल्याचं लिहून दिल्याशिवाय ती होत नाही. म्हणून घर शोधताना भाड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा असतो की मालक हा कागद देणार का. त्यानंतर परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून निवास परवान्याचं कार्ड मिळतं.

या कार्डावर जर्मनीत राहण्याला ९० दिवसांची मर्यादा नाही. आणि बाकीच्या शेंगेन देशांत वेगळा व्हिसा न काढता फिरता येतं. पण तिथेही नियम तोच, १८० दिवसांत ९०. आणि हे ९० दिवस प्रत्येक देशाचे वेगळे नाहीत, जर्मनी सोडून बाकी सगळ्यांचे मिळून आहेत.

९० दिवस कमी वाटतात का? हिशोब करून बघा. १८० दिवसांत साधारण २६ वीकेंड येतात. दर शुक्रवारी संध्याकाळी सीमा ओलांडून रविवारी परतलं, तर प्रत्येक वेळी तीन दिवस धरून ७८ दिवस होतात. म्हणजे एकही वीकेंड न सोडता भटकलं तरी मर्यादा ओलांडत नाही. (अर्थात, घरची कपड्यांची घडी कोण घालणार हा वेगळा प्रश्न.) पण त्यात 'एक महिना लिस्बनला राहून बघू' असं आलं की बेरीज ९० च्या वर जाते आणि नियम मोडतो.

जर्मनी ते फ्रान्स जाताना कोण मोजतंय, असंही म्हटलं जातं. खरंच, रोज कुणी मोजत नाही. केल या जर्मन गावातून ट्राम पकडली की ऱ्हाइन नदी ओलांडून ती थेट फ्रान्सच्या श्ट्रासबूर्गमध्ये जाते. पण जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व जमिनी सीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली. ट्रेनमध्ये किंवा रात्रीच्या बसमध्ये पोलीस चढतात. तेव्हा मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड, दोन्ही जवळ हवं. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

फिरता फिरता ऑफिसचं काम चालेल का?

जास्त लोक अडकतात ते इथेच. जर्मनीच्या कार्डावर स्पेनमध्ये फिरता येतं, पण ते कार्ड स्पेनमध्ये काम करण्याचा परवाना नाही. जर्मन सहकारी आपला लॅपटॉप घेऊन तीन आठवडे मायोर्काला जातो, म्हणून आपणही जावं असं वाटणं साहजिक आहे. पण तो युनियनचा नागरिक आहे. त्याचा तो हक्क पासपोर्टातून येतो, तुमचा परवान्यातून.

कंपनीलाही यात जोखीम असते. दुसऱ्या देशातून काम केलं की सामाजिक सुरक्षेचा हप्ता कुठे भरायचा हा प्रश्न येतो. त्यासाठी 'ए१' नावाचं प्रमाणपत्र असतं. कामासाठी दुसऱ्या युरोपीय देशात जाणाऱ्या कर्मचाऱ्याचा विमा मूळ देशातच चालू आहे, याचा तो पुरावा. मुक्काम लांबला की आयकराचा मुद्दाही उठतो. त्यामुळे मॅनेजरचं तोंडी 'हो' पुरेसं नाही. एचआरकडून देश आणि तारखांसह लेखी परवानगी घेणं हाच शहाणपणा, कारण पुढे परवान्याचं नूतनीकरण करायचं असतं आणि त्या वेळी कागद बोलतात.

आणखी एक बारीक अट. जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलं तर साधारणपणे निवास परवाना आपोआप संपतो. ब्लू कार्डधारकांना ही मुदत बारा महिन्यांची आहे. नोकरी सुटली तर दोन आठवड्यांत कार्यालयाला कळवावं लागतं. 'नोकरी गेलीच आहे तर आधी युरोप फिरून घेऊ' हा विचार कळवल्यानंतरचा.

मग डिजिटल नोमॅड व्हिसा कुणासाठी?

ज्यांची नोकरी किंवा क्लायंट युरोपबाहेर आहेत त्यांच्यासाठी. एस्टोनियाने २०२० मध्ये असा व्हिसा आणला, पुढच्या वर्षी क्रोएशियाने, मग २०२२ मध्ये पोर्तुगालने आणि २०२३ मध्ये स्पेनने. जर्मनीत असा व्हिसा नाही, तिथे फ्रीलान्सरसाठीचा परवाना आहे, पण तो वेगळा प्रकार.

अडचण उत्पन्नाच्या अटीची आहे. पोर्तुगाल आपल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न मागतं, म्हणजे तीन हजार युरोंहून बरंच जास्त. स्पेनला दुप्पट पुरतं, तरी आकडा अडीच हजार युरोंच्या वर जातो. भारतीय पगारावर ही रक्कम मोठी आहे. या व्हिसांवरचा प्रचार पाहून एजंटला पैसे देण्याआधी आपली सॅलरी स्लिप समोर ठेवावी.

राहणाऱ्यांना मिळणाऱ्या सवलती

युरोपात पर्यटक म्हणून जाणं आणि तिथे राहून फिरणं यात पैशांचाही फरक पडतो, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. रेल्वेचा युरेल पास युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो. तिथे राहणाऱ्यांनी, भारतीय पासपोर्ट असला तरी, इंटररेल पास घ्यायचा. मात्र आपल्या राहत्या देशात तो फक्त जाण्याच्या एका आणि येण्याच्या एका दिवशी चालतो. त्यामुळे जर्मनीत फिरायला डॉइचलांडटिकीट बरं. जानेवारी २०२६ पासून ते महिना ६३ युरोंचं आहे, आणि लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या सोडल्या तर देशभरच्या लोकल, बस आणि ट्राम त्यात येतात. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंतसुद्धा ते चालतं. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून सार्वजनिक वाहतूक सगळ्यांनाच मोफत आहे.

सुट्ट्यांचंही गणित आहे. पाच दिवसांच्या आठवड्यासाठी जर्मनीत कायद्याने किमान २० दिवस पगारी रजा मिळते. गुड फ्रायडे ते ईस्टर मंडे हे चार दिवस रजा न टाकताच मिळतात. मे महिन्याच्या आसपास येणारा ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण दरवर्षी गुरुवारीच असतो, मग शुक्रवारची एक रजा टाकली की पुन्हा चार दिवस. फक्त अख्खी जर्मनी तेच करते, त्यामुळे त्या दिवसांची तिकिटं आधी काढलेली बरी.

आणि शिकायला गेलेल्यांसाठी एक. युरोपियन युनियन, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टनस्टाइन यांपैकी कुठेही राहणाऱ्या २६ वर्षांखालच्या तरुणांना पॅरिसचं लूव्र संग्रहालय मोफत आहे. तिथे नागरिकत्व नाही, राहण्याचा पुरावा बघतात. श्टुटगार्टमध्ये एमएस करणाऱ्या नाशिकच्या मुलाने कार्ड दाखवलं की काम झालं. मंगळवारी मात्र संग्रहालय बंद असतं.