नोकरीच्या गावची फुलपाखरे

भारतातील फुलपाखरांच्या अभ्यासाचा इतिहास कोणी साकल्याने लिहावयास घेतला, तर तो बव्हंशी बदलीवर असलेल्या सरकारी नोकरांचा इतिहास ठरेल. विद्यापीठांतील प्राध्यापकांची नावे त्यात फार उशिरा येतात. आरंभीच्या पानांवर भेटतात ते लष्करातील कर्नल आणि ब्रिगेडियर, जंगलखात्याचे अधिकारी, मीठ व जकात खात्यातील अंमलदार, एखाद्या जिल्ह्याचे कलेक्टर आणि कचेरीतील एक कारकून. आज देशभर विखुरलेल्या मराठी अधिकारीवर्गास या इतिहासात आपल्या जीवनक्रमाची काही चिन्हे दिसतील, म्हणून तो येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे. ते राज्यकर्ते होते आणि परदेशातून आले होते. आपण आपल्याच देशात आहोत. हा भेद लहान नव्हे. तरीही ज्या गावी नोकरी त्या गावाची नीट ओळख नसणे, ही अडचण दोघांचीही सारखीच.

फुलपाखरू ओळखणे याचा अर्थ पूर्वी फार सरळ समजला जाई. टाचणीने टोचलेला मृत नमुना पेटीत असावा, त्याच्या पंखांवरील ठिपके-रेषा तपासाव्यात आणि निराळा वाटला की त्यास निराळे नाव द्यावे. स्वीडनच्या लिनिअसने 1758 साली आपल्या ग्रंथात अनेक आशियाई फुलपाखरांना याच रीतीने नावे दिली. त्याने ती जिवंत पाहिली नव्हती. जहाजांतून आलेले नमुनेच काय ते त्याच्यापुढे होते. परिणाम असा झाला की, आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या, नारिंगी पंखांवर मोरपिसासारखे डोळे असणाऱ्या एकाच फुलपाखरास त्याच्या ग्रंथात 'अल्माना' आणि 'अ‍ॅस्टेरी' अशी दोन नावे मिळाली. पहिले कोरड्या ऋतूतील, दुसरे पावसाळ्यातील. कोरड्या ऋतूतील फुलपाखराच्या पंखांची टोके कोनाकार असतात व ते मिटले म्हणजे वाळलेल्या पानासारखे दिसतात. पावसाळी फुलपाखराच्या खालच्या बाजूस ठळक डोळे उमटतात. पेटीत शेजारी शेजारी ठेविले तर दोन्ही एकाच जातीची आहेत, असे कोणासही वाटू नये.

ही गुंतागुंत सोडविण्याचे मोठे श्रेय ज्या गृहस्थाकडे जाते, तो कलकत्त्यास सरकारी कचेरीत कारकून होता. लायोनेल द नीसव्हील 1852 साली इंग्लंडात जन्मला आणि 1870 साली हिंदुस्थानात आला. कचेरीनंतरचा सारा वेळ तो फुलपाखरांना देई. रॉयल इंजिनिअर्सचे मार्शल यांच्या सहकार्याने त्याने हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथील फुलपाखरांवरील मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड सिद्ध केला. 1886 व 1890 साली निघालेले पुढील दोन खंड त्याने एकट्याने लिहिले. तो ग्रंथ पुरा झालाच नाही. 1901 साली शासनाने त्यास कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तापाने त्याचा अंत झाला.

परंतु आमच्या मते त्याचे खरे महत्त्वाचे काम 1886 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या लेखात आहे. संध्याकाळच्या सुमारास घराच्या आसपास खालून खालून उडणारे, तपकिरी रंगाचे 'लेडा' नावाचे फुलपाखरू आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. पावसाळ्यात त्याच्या पंखांखाली डोळ्यांची माळ असते. उन्हाळ्यात ती जवळजवळ पुसून जाते आणि पाचोळ्यात बसलेले फुलपाखरू पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. या दुसऱ्या रूपास 'इस्मीन' या नावाने निराळी जात मानीत. द नीसव्हीलने या कुळातील कलकत्त्याच्या काही जाती अंड्यापासून वाढविल्या आणि एकाच जातीची संतती ऋतूप्रमाणे निराळे रूप घेऊन बाहेर येते, हे दाखवून दिले. जो वाद पेट्यांतील नमुने कितीही न्याहाळून मिटला नसता, तो कोवळ्या गवतावर अळ्या पोसल्याने मिटला. त्यासाठी एकाच गावी सर्व ऋतू काढणारा मनुष्य हवा होता. दौऱ्यावर येऊन जाणाऱ्या संग्राहकास फाल्गुनातले फुलपाखरू मिळे किंवा श्रावणातले मिळे. दोन्हींमधील नाते त्यास दिसत नसे.

याचे कारणही आज पुष्कळसे समजले आहे. अळी वाढत असताना हवेतील उष्णता व ओलावा यांचा परिणाम होऊन पुढील पंखांचे रूप ठरते. वैशाखात रान उघडे पडते, तेव्हा पाचोळ्यात मिसळून जाणे हाच बचाव. पावसाळ्यात सर्वत्र हिरवे असते. तेथे पंखांच्या कडेवरील खोटे डोळे पक्ष्याची चोच अंगापासून दूर नेतात आणि पंखाचा एक तुकडा गमावून जीव वाचतो.

आता कलकत्त्याहून पश्चिम किनाऱ्यास येऊ. मुंबईत 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ गृहस्थांनी मिळून नैसर्गिक इतिहास संस्था स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. पहिले प्रार्थनासमाजाचे संस्थापक, दुसरे वनस्पतिशास्त्राचे जाणकार. तेथेच कर्नल स्विनहो होते, ज्यांनी पतंगांच्या अभ्यासात नाव मिळविले, आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकेन होते. एटकेन यांचा जन्म 1851 सालचा, साताऱ्याचा. मीठ व जकात खात्याच्या नोकरीत त्यांना गुजरातेतील खाराघोड्यापासून कारवारपर्यंत फिरावे लागले आणि जेथे गेले तेथील बंगल्याच्या आवारालाच त्यांनी अभ्यासाचे क्षेत्र मानिले.

कारवारच्या बाजूस, तेव्हाच्या उत्तर कानडा जिल्ह्यात, तीन खात्यांचे तीन अधिकारी एकत्र आले: मुलकी खात्याचे डेव्हिडसन, जंगलखात्याचे टी. आर. बेल आणि हे एटकेन. तिघांनी मिळून त्या जिल्ह्याच्या फुलपाखरांची जी यादी संस्थेच्या नियतकालिकात 1896 पासून प्रसिद्ध केली, तिचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात पंखांइतकेच महत्त्व अळीला, कोशाला आणि ती अळी कोणते झाड खाते याला आहे. सह्याद्रीच्या त्या उतारांवर झाडे ओळखल्यावाचून हे काम होणारे नव्हते. म्हणून जंगलखात्याच्या माणसाचा उपयोग. बेल यांनी पुढे मैदानी प्रदेशातील फुलपाखरांवर दीर्घ लेखमाला लिहिली, 1937 साली मेजर स्कॉट यांच्यासह मोठ्या 'हॉकमॉथ' पतंगांवर ग्रंथ सिद्ध केला आणि निवृत्तीनंतरही ते कारवार सोडून गेले नाहीत. 1948 साली त्यांचे निधन झाले, तोवर कारवार हे त्यांच्या नोकरीचे गाव राहिले नव्हते. ते त्यांचे गाव झाले होते.

यानंतर ब्रिगेडियर इव्हान्स यांचे 1927 सालचे पुस्तक आले. एकेक लक्षण तपासत जातीपर्यंत पोचविणारी त्यातील कोष्टके अभ्यासकांनी अनेक वर्षे वापरली. 1957 साली विंटर-ब्लाइथ या राजकोटच्या शिक्षकाचे अधिक सुगम पुस्तक निघाले. या मंडळींच्या पुस्तकांतून जी इंग्रजी नावे रूढ झाली, ती वाचताना आम्हांस नेहमी एखाद्या दरबारात किंवा छावणीत आल्यासारखे वाटते. कमांडर आहे, सार्जंट आहे, लॅस्कर आहे, कॉन्स्टेबलही आहे. वर बॅरन, ड्यूक, नवाब आणि राजा. रानातील जीवांवर हुद्दे आणि पदव्या कोरल्या गेल्या, यात त्या काळाची मनोरचना दिसते. आंब्याच्या पानावर वाढणाऱ्या हिरव्या, केसाळ झालरीच्या अळीतून 'बॅरन' बाहेर पडतो आणि टेंभुर्णीच्या पानावरून 'बॅरोनेट', हे ऐकून हसू येईल. पण झाड आणि फुलपाखरू यांची ती जोडी एकदा ध्यानी बसली की सहसा विसरत नाही.

या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून तो पुरा होत नाही. सिक्कीम-दार्जिलिंगकडील संग्रहांतील पुष्कळ नमुने लेपचा लोकांनी डोंगरदऱ्या तुडवून आणिले; ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर त्यांची नावे नाहीत. आपल्या अनेक जातींचे आद्य नमुने लंडनच्या संग्रहालयात आहेत. आणि ज्या लोकांच्या शेतांत व रानांत हे सर्व घडले, त्यांच्या भाषांतील ज्ञान यादीत क्वचितच उतरले. मराठीचेच पाहा. उडणाऱ्या जीवाला आपण 'फुलपाखरू', 'पाकोळी' किंवा 'पतंग' म्हणून मोकळे होतो. परंतु तोच जीव अळी असताना आपल्या शेतकऱ्याने त्यास किती नावे दिली आहेत: घाटेअळी, बोंडअळी, उंटअळी, लष्करी अळी! हरभऱ्याचा घाटा पोखरणारी अळी तो अचूक ओळखतो. तिच्यातून रात्री बाहेर पडणाऱ्या मळकट पतंगाला मात्र नाव नाही. द नीसव्हील आणि बेल यांनी मोठ्या प्रयासाने जो मार्ग धरला, म्हणजे अळी आणि तिचे झाड यांवरून ओळख पटविणे, तो कुणब्याच्या डोळ्याला आधीच ठाऊक होता. विदर्भात ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरचे किडे पोसणाऱ्या ढिवरांचेही तसेच. त्या डोळ्याचा आणि शास्त्राचा संवाद वेळेवर झाला नाही, ही खरी हानी होय.

हा संवाद आता सुरू झाला आहे, असे म्हणावयास आधार आहे. कढीपत्त्यावर वाढणाऱ्या, काळ्या रंगाच्या 'मॉर्मन' फुलपाखराची मादी काही ठिकाणी नरासारखी दिसते, काही ठिकाणी विषारी 'रोज' फुलपाखरांचे सोंग घेते. लिनिअसने यांतील नर व मादी यांनाही दोन निराळ्या जाती मानिले होते. हे सोंग आनुवंशिक कसे, याचा शोध 1913 च्या सुमारास सिलोनमध्ये फ्रायर यांनी पैदास करून घेतला. आणि त्यामागे 'डबलसेक्स' नावाचे एकच जनुक आहे, हे 2014 साली ज्या संशोधनाने दाखविले, त्यात कृष्णमेघ कुंटे हे मराठी शास्त्रज्ञ अग्रभागी होते. त्यांचे कार्यक्षेत्रही परप्रांतीच, बंगळूरला. 2015 साली महाराष्ट्राने याच कुळातील 'ब्ल्यू मॉर्मन' हे आपले राज्य-फुलपाखरू ठरविले. राणी पाकोळी या नावाने ते ओळखले जाऊ लागले आणि पुढे त्यास 'नीलवंत' असेही नाव मिळाले. नाव भाषेत आले की मुले विचारू लागतात.

आता वाचकांस दोन शब्द. आपल्या देशात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत. पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. त्या सर्व ओळखण्याचा संकल्प कोणीही करू नये. आपल्या निवासाच्या आवारातील चार झाडे पुरेत. कढीपत्ता किंवा लिंबू असल्यास पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी शोधावी. ती पुढे हिरवी होते. रुईवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडेल. बहावा चैत्र-वैशाखात फुलतो, त्या सुमारास त्याच्या कोवळ्या पानांभोवती फिकट पिवळी फुलपाखरे घिरट्या घालतात. ती मधासाठी आलेली असतीलच असे नाही, अंडी घालावयासही आलेली असतात. कण्हेरीवर 'क्रो' फुलपाखराचे चांदीसारखे चकाकणारे कोश लोंबतात आणि तिच्याच पानांवर हिरव्या 'हॉकमॉथ' पतंगाची बोटाएवढी अळी पोसते. पहिला वळीव पडला की व्हरांड्याच्या दिव्याशी पतंग येतात. फुलपाखराच्या स्पर्शिकेच्या टोकास गाठ असते. पतंगाच्या स्पर्शिका बहुधा पिसासारख्या किंवा दोऱ्यासारख्या असतात. जाळे आणि टाचणी यांची गरज नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत कित्येक फुलपाखरांचा समावेश असल्याने ती टाळणेच इष्ट. तारीख, झाड, हवा आणि दिसले ते रूप, एवढे वहीत नोंदविले म्हणजे झाले. नाव मागाहून सापडते.

बदलीचा हुकूम आला की आपण सामान बांधतो, शेजाऱ्यांचा निरोप घेतो आणि घराच्या किल्ल्या परत करतो. मुलांना विचारावे, त्या गावचे काय आठवते, तर क्वार्टरचा क्रमांक आणि शाळेची बस. कलकत्त्याच्या त्या कारकुनाने आणि कारवारच्या त्या तिघांनी कचेरीचे कितीतरी कागद हातावेगळे केले असतील. त्यांतील एकही आज कोणी वाचीत नाही. त्यांनी ऋतुमानाने केलेल्या नोंदी मात्र अभ्यासक अजून उघडून पाहतात, कारण कोणते फुलपाखरू कोठे होते आणि आता नाही, हे ठरविण्यास दुसरे साधन नाही. आपल्यामागून त्या घरात राहावयास येणाऱ्या कुटुंबासाठी सामानाच्या यादीबरोबर एका वर्षाची अशी वही ठेवून जाता आली, तर त्या गावी आपण नुसती नोकरी केली नाही, असे म्हणता येईल.