हराम (अल्बम)

‘हराम’ हा न्यूयॉर्कमधील आर्मंड हॅमर ही रॅप-जोडी आणि द अल्केमिस्ट हा प्रोड्यूसर यांचा संयुक्त हिप-हॉप अल्बम. बॅकवूड्झ स्टुडिओझ या स्वतंत्र कंपनीने तो 26 मार्च 2021 रोजी प्रकाशित केला. त्यात 14 गाणी आहेत आणि सगळी मिळून साधारण 40 मिनिटांत संपतात. बिली वूड्स आणि एलुसिड हे जोडीतले दोघे रॅपर. अख्ख्या अल्बमचे संगीत एकाच माणसाच्या हाती सोपवण्याची या दोघांची जोडी म्हणून ही पहिलीच वेळ होती आणि अल्बमची बरीचशी ताकद त्याच निर्णयातून आली आहे.

हिप-हॉपमधला प्रोड्यूसर पैसे घालत नाही, संगीत रचतो. जुन्या तबकडीवरचा एखादा तुकडा उचलायचा, तो कापायचा, वेग बदलायचा, पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्यातून रॅपरला उभे राहायला जमीन करून द्यायची, हे त्याचे काम. द अल्केमिस्ट, म्हणजे ॲलन मॅमन, या कामातला मुरलेला कारागीर. 1977 साली बेव्हर्ली हिल्समध्ये जन्मलेला हा मुलगा किशोरवयात ‘द हूलिगन्झ’ या जोडीतून रॅप करत होता. पुढे सायप्रस हिल या रॅप-गटातल्या डीजे मग्जच्या वर्तुळात तो बीट बनवायला शिकला, न्यूयॉर्कच्या मॉब डीप या रॅप-जोडीसाठी संगीत करून नावारूपाला आला आणि एमिनेमचा डीजे म्हणून दौऱ्यांवरही गेला. त्याने रॅपर फ्रेडी गिब्जसोबत केलेल्या ‘अल्फ्रेडो’ (2020) या अल्बमला ग्रॅमीचे नामांकन मिळाले होते. तो ग्रॅमी सोहळा 14 मार्च 2021 रोजी झाला आणि त्यानंतर बाराव्या दिवशी ‘हराम’ आला. नामांकनाच्या प्रकाशझोतात असलेल्या माणसाने इतका अवघड, बाजाराकडे पाठ फिरवलेला अल्बम करावा, याचे मोल वेगळे आहे.

आर्मंड हॅमर हे नाव जोडीने एका अमेरिकी तेलसम्राटावरून घेतले. बिली वूड्सचा जन्म वॉशिंग्टनचा. बालपणाचा मोठा भाग नव्याने स्वतंत्र झालेल्या झिम्बाब्वेत गेला. वडील तिथल्या मुक्तिलढ्याच्या राजकारणातले, आई जमैकाची, साहित्याची अभ्यासक. 1989 मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर कुटुंब अमेरिकेत परतले. वसाहतींचा इतिहास, सत्तेवर आल्यावर बदलणारे क्रांतिकारक, घरातली भांडणे, भाड्याच्या खोल्या हे सारे त्याच्या ओळींत एकमेकांना खेटून येते. छायाचित्रांत तो चेहरा दाखवत नाही. बॅकवूड्झ स्टुडिओझ ही कंपनीही त्यानेच उभी केली. एलुसिड न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला, चर्चच्या वातावरणात वाढलेला. त्याच्या शब्दांत प्रवचनाचा ताल आहे आणि त्याच प्रवचनाशी घातलेला वादही.

जोडीचे आधीचे अल्बम, विशेषतः ‘रोम’ (2017) आणि ‘पॅराफिन’ (2018), अनेक प्रोड्यूसरांनी मिळून घडवलेले, खरखरीत आणि अंगावर येणारे होते. ‘हराम’मध्ये संगीताला मोकळी हवा मिळाली. अल्केमिस्ट अनेक ठिकाणी ड्रम जवळजवळ काढूनच टाकतो आणि एखादी सुरावट तेवढी फिरत ठेवतो, त्यामुळे शब्द पुढे येतात. ‘ब्लॅक सनलाइट’मध्ये कायाना या गायिकेचा आवाज येतो तेव्हा अंधाऱ्या आशयाला उजळ किनार लाभते. शेवटच्या ‘स्टोनफ्रूट’मध्ये तर एलुसिड चक्क गातो. आशय मात्र कुठेही सौम्य झालेला नाही. ऐकणाऱ्याला आत घेणारे संगीत आणि आत आल्यावर जराही सवलत न देणारे शब्द, हा मेळ या जोडीला इतका नीट आधी साधला नव्हता.

मुखपृष्ठावर दोन डुकरांची कापलेली मुंडकी आहेत. हराम म्हणजे निषिद्ध, तेव्हा निषिद्ध मांस हा या चित्राचा सरळ अर्थ झाला, पण अमेरिकी बोलीत डुक्कर ही पोलिसांना दिलेली शिवीही आहे. रॅपर क्वेल ख्रिसच्या सहभागाचे ‘चिचरोन्स’ हे गाणे (डुकराच्या तळलेल्या कातडीचे हे नाव) दोन्ही अर्थ एकत्र आणते आणि बाहेरच्या पोलिसावरून स्वतःच्या मनात ठाण मांडून बसलेल्या पोलिसापर्यंत पोहोचते. 2020 च्या उन्हाळ्यात पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिकेचे रस्ते पेटले होते. त्यानंतर वर्षाच्या आत आलेल्या या गाण्यात घोषणा नाही, आत्मपरीक्षण आहे, आणि म्हणून ते आजही शिळे वाटत नाही.

‘फॉलिंग आउट द स्काय’मध्ये रॅपर अर्ल स्वेटशर्ट पाहुणा आहे. तो दक्षिण आफ्रिकेचे कवी केओरापेत्से खोत्सित्सिले यांचा मुलगा. हे कवी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे कार्यकर्ते म्हणून दीर्घकाळ परागंदा होते आणि 2018 मध्ये वारले. मुक्तिलढ्यातल्या वडिलांना गमावलेले दोन मुलगे, वूड्स आणि अर्ल, इथे एकाच गाण्यात येतात. ते कळल्यावर हे गाणे आणखी खोल जाते.

एका गाण्याचे नावच ‘रॉबर्ट मोझेस’ आहे. कधीही निवडून न आलेल्या या अधिकाऱ्याने अनेक दशके न्यूयॉर्कचे रस्ते, पूल आणि उद्याने ठरवली. रॉबर्ट कॅरो यांचे ‘द पॉवर ब्रोकर’ (1974) हे त्याचे गाजलेले चरित्र. त्याच्या क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवेने वस्त्या चिरल्या, हजारो कुटुंबे उठवली. त्याच रस्त्यापासून जवळ, 1520 सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत 11 ऑगस्ट 1973 रोजी डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत तबकड्या लावल्या. हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीपासून मोजतात. मोझेसचे नाव घेणारा रॅपर आपल्या कलेच्या जन्मभूमीचा पंचनामा करत असतो.

शब्द छापील वाचल्याशिवाय अर्धे निसटतात, अशी तक्रार या जोडीबद्दल होते. ती खरी आहे. संदर्भ दाट आहेत, वाक्ये मध्येच वळतात. तरी आर्मंड हॅमर पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी, कारण शब्द कळण्याआधीच हे संगीत धरून ठेवते.

2021 च्या उत्तम अल्बमांच्या अनेक याद्यांत ‘हराम’ होता आणि जोडीचा श्रोतृवर्ग त्याने लक्षणीय वाढवला. पुढचा ‘वी बाय डायबेटिक टेस्ट स्ट्रिप्स’ (2023) पुन्हा अनेक प्रोड्यूसरांसह झाला. अल्केमिस्टने त्याच वर्षी अर्लसोबत ‘व्ह्वार दीर’ केला. नोव्हेंबर 2025 मध्ये ‘मर्सी’ या अल्बमसाठी जोडी आणि अल्केमिस्ट पुन्हा एकत्र आले.